दोन बोटं वर

वैद्याच्या डोक्यावर तो काळा हेडफोन पहिल्यांदा दिसला तेव्हा बहुतेकांनी एकच निष्कर्ष काढला, की पंचावन्नाव्या वर्षी गड्याला गाण्यांचं वेड लागलं. शेजारच्या काकूंनी त्याच्या बायकोला जिन्यात गाठून विचारलं, "घरात बोलतात तरी का हो तुमच्याशी?" सुपरवायझरने तर कमालच केली. सुरक्षेच्या मीटिंगमध्ये त्याने वैद्याला उभं केलं आणि म्हणाला, "हे बघा. सव्वीस वर्षं मशीन रूममध्ये काढली, पण माणूस कान कसे सांभाळतो. शिका जरा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैद्याने त्या नुसत्या पाहिल्या, कारण हेडफोन त्या दिवशी चार्ज व्हायचा राहिला होता.

त्या हेडफोनमधून गाणं एकदाही वाजलं नव्हतं.

वैद्य हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "मागचं बेअरिंग गेलंय. पुढचं अजून सहा महिने काढेल." खोलून पाहिलं की तस्संच निघायचं. नाडी बघून रोग सांगतो म्हणून त्याचं वैद्य झालं, आणि पुढे तर पगाराच्या कागदावर सही करतानाही तो क्षणभर थबकायचा.

दोन वर्षांपूर्वी या नाडी बघणाऱ्याचे कान दगा द्यायला लागले. आधी बायकोचं हळू बोलणं गेलं, मग दारावरची बेल, मग फोनची रिंग. हाडाला लावलेला स्क्रू ड्रायव्हर अजून सगळं सांगायचा, पण हवेतून येणारा माणसाचा आवाज मात्र उशीखालून आल्यासारखा यायचा. कंपनीचा नियम साधा होता. ज्याला कमी ऐकू येतं त्याने लिफ्टच्या शाफ्टवर, म्हणजे केबिन वर-खाली होते त्या उभ्या पोकळीत, काम करायचं नाही. गोदामाच्या दाराशी एक लोखंडी स्टूल होतं. कुणाचा गुडघा गेला, कुणाचा डोळा गेला की त्याला तिथे बसवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला लावायचे. त्या स्टुलावर बसलेल्या माणसाला हळूहळू कुणी टोपणनावाने हाक मारेनासं होतं, हे वैद्याने पाहिलं होतं. शाफ्टवरची आपली जागा गेली तर आपण कोण उरतो, या प्रश्नाने त्याची झोप उडाली होती. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती.

मुलगी नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात राहायची. ती सुट्टीला आली आणि एका दिवसात तिने बापाचं बिंग फोडलं. "बाबा, कानाचं मशीन घ्या."

"कानात मशीन दिसलं की माझं स्टूल तयार."

मग तिनेच तोड काढली. फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. आसपास जे काही वाजेल ते फोन ऐकणार आणि मोठं करून हेडफोनमध्ये ओतणार. फोन छातीच्या खिशात ठेवायचा, झालं काम. हेडफोनही तिच्याबरोबर जाऊन आणला. दुकानदाराने आधी चांगले दाखवले, वैद्याने सगळ्यात खालच्या फळीवरचा उचलला. कानावर गच्च बसणारा, मोठ्या वाट्यांचा, बिनवायरचा. खोक्यावर तीस तास लिहिलं होतं. पहिल्या दिवसापासून तो सात तासांच्या वर कधी टिकला नाही.

स्वस्तातली वस्तू आपला स्वभाव दाखवल्याशिवाय राहत नाही. या हेडफोनचे दोन दुर्गुण होते. एक म्हणजे आवाज किंचित उशिरा पोचायचा. समोरच्याचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचा. बायको बोलून तोंड मिटायची तेव्हा तिचं शेवटचं वाक्य वैद्याच्या कानात शिरत असायचं. दुसरा दुर्गुण म्हणजे त्यातली बाई. चालू केलं की ती खणखणीत आवाजात स्वागत करायची, आणि बॅटरी उतरली की "बॅटरी लो" असं दोनदा बजावायची. ती बोलत असताना बाकी सगळं बंद. बायको म्हणायची, "तुमची ती बाई माझ्या मध्येच बोलते हो. एवढी वर्षं मला कधी जमलं नाही ते."

वैद्य हसायचा. पण एकदा हसून झाल्यावर बायकोने विचारलं, "आणि वर काम चालू असताना ती मध्ये बोलली तर?"

तो म्हणाला, "जेवायला वाढ."

वर काम करताना तो एकटा नसायचा. लिफ्टवर जोडीने जातात, आणि वैद्याची जोडी अठरा वर्षं बारक्याशी होती. बारक्या कामाला लागला तेव्हा काडीसारखा होता. आता केबिनच्या टपावर उतरताना त्याला पोट आत घ्यावं लागायचं, पण नाव काही बदललं नाही. जुन्या इमारतींमध्ये कामाची पद्धत ठरलेली होती. बारक्या केबिनच्या टपावर उभा राहायचा आणि वैद्य सगळ्यात वर, मशीन रूममध्ये. वीज बंद करायची. वैद्याने डाव्या हाताने दांडा दाबून ब्रेक मोकळा धरायचा, उजव्या हाताने मोटारीचं मोठं चाक फिरवायचं, की केबिन हळूहळू वर सरकायची. दोर ज्या भोकांतून खाली जातात त्या भोकांतून बारक्याचा आवाज यायचा, "दोन बोटं वर." वैद्याने तेच परत म्हणायचं, "दोन बोटं वर." खालून "हं" आलं की मगच चाक हलवायचं. ‘थांब’ला मात्र परत म्हणणं नाही. ‘थांब’ आलं की हात सोडायचा, ब्रेक आपोआप बसतो.

ही पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. ती दोघांनी बसवली होती, आणि अठरा वर्षांत बारक्याचं नख उतरलं नव्हतं. आवाज उशिरा येतो हे लक्षात आल्यापासून वैद्य चाक मुंगीच्या चालीने फिरवायचा. बारक्या कधी म्हणाला नाही, की का रे बाबा इतकं हळू. त्याचा अर्थ वैद्याने लावला, की त्याला काही कळलेलं नाही. हेडफोनच्या जिवावर आपण निभावून नेतोय, असं त्याला वाटत होतं.

मग नोटीस लागली. येत्या सोमवारी शाफ्टवरच्या सगळ्यांची कानांची तपासणी.

हेडफोन घालून कानांची तपासणी देता येत नाही, हे कळायला वैद्य असण्याची गरज नव्हती. त्याने निवृत्त झालेल्या एका वायरमनला गाठलं. तो कमी ऐकू येत असूनही तपासणीतून दोनदा पार पडला होता. तो म्हणाला, "काचेच्या पलीकडे बाई बसते. बटण दाबलं की तिचा उजवा खांदा हलतो. तू आपला तिचा खांदा बघ आणि हात वर कर." वैद्याने तीन संध्याकाळ घरी सराव केला. बायको टेबलापलीकडे बसायची, पातेल्याआड बोट दाबायची, आणि तो तिच्या खांद्याकडे टक लावून बघत हात वर करायचा. तिसऱ्या संध्याकाळी त्याचं एकही चुकलं नाही. बायकोने पातेलं उचललं आणि म्हणाली, "पास झालात. आता बारक्याभावजींच्या बायकोला मीच पेढे देऊ का?" त्या रात्री तो हेडफोन काढून झोपला, त्यामुळे ती आणखी काही बोलली असती तरी कळलं नसतं.

शुक्रवारी त्यांना एका सात मजली ऑफिसच्या इमारतीत पाठवलं. लिफ्ट वर जाताना किंचाळत होती. मॅनेजर सकाळपासून दारात उभा होता, कारण त्याच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांना जिना चढावा लागत होता. वैद्य आणि बारक्या दोघंही आधी टपावर उतरले. वैद्याने स्क्रू ड्रायव्हर लावला आणि निदान केलं. केबिन ज्या लोखंडी रुळांना धरून सरकते, त्यांना घासणारं केबिनच्या एका कोपऱ्यातलं अस्तर झिजून गेलं होतं. अंधार होता, म्हणून वैद्याने फोन खिशातून काढला, त्याचा टॉर्च लावला आणि टपावरच्या आडव्या पट्टीवर उभा करून ठेवला. अस्तर मापून झालं, जुनं निघालं, नवं बसवायला घेतलं. दुपार कधीच उलटून गेली. मग केबिन थोडी थोडी वर घ्यायची वेळ आली आणि वैद्य शिडीने मशीन रूममध्ये गेला.

फोन टपावरच राहिला.

एरवी त्याला लगेच कळलं असतं. हेडफोन मुका झाला असता. पण मशीन रूम टपाच्या डोक्यावरच होती, मध्ये फक्त दोरांची भोकं, आणि हेडफोनला तेवढं अंतर सहज पोचत होतं. वैद्याच्या कानात आवाज चालूच राहिला. उलट नेहमीपेक्षा स्वच्छ. बारक्याची धाप, पान्याची खुटखुट, सगळं अगदी शेजारी बसल्यासारखं. त्याला बरं वाटलं. आज कान उघडलेत, असा भाबडा विचारही त्याने केला. घरी सांगायचं ठरवून तो चाकापाशी उभा राहिला.

खाली सातव्या मजल्याच्या उघड्या दारातून मॅनेजरने डोकं आत घातलं. तो म्हणाला, "तुमच्या त्या वरच्या माणसाला ऐकू येतं ना नीट? मघाशी जिन्यात तीन हाका मारल्या मी."

वैद्याने हेडफोन कानांवर आणखी गच्च दाबला.

"त्याला?" बारक्या म्हणाला. "मोटारीत खडा पडला तर सांगतो तो. तुमची हाक ऐकली असणार साहेब, उत्तर द्यावंसं वाटलं नसेल."

मॅनेजर काहीतरी पुटपुटत गेला. वैद्याने श्वास सोडला. बारक्याला अजून शंका नाही, सोमवार तेवढा पार पडू दे, असं तो मनात घोळवत होता तेवढ्यात खालून आलं, "दोन बोटं वर."

"दोन बोटं वर," वैद्य म्हणाला, आणि त्याचा स्वतःचाच आवाज त्याला हेडफोनमध्ये लांबून, वरून कुठूनतरी आल्यासारखा परत ऐकू आला. काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते ध्यानात येईना.

"हं."

त्याने दांडा दाबला आणि चाक सरकवायला घेतलं. बारक्याची एक वाईट खोड होती. केबिन हलत असताना तो डावा हात रुळावर ठेवून सांधा चाचपत राहायचा. भिंतीतून रूळ धरणारी लोखंडी पट्टी बाहेर आलेली असते. केबिनची चौकट वर जाते तसतशी ती पट्टी जवळ येते, आणि हात मध्ये असतो. म्हणून तर बोटांनी मोजायचं.

चाक पाव फेरा फिरलं. आणि वैद्याच्या कानात बारक्याचा आवाज आला. हाक नव्हती ती. माणूस अंधाऱ्या वाटेवर स्वतःशी बोलतो तसं खालच्या आवाजातलं काहीतरी.

"ऐक रे बाबा. आज पण ऐक. ऐक म्हणजे झालं."

वैद्याने खिशाकडे पाहिलं. खिसा सपाट होता.

फोन खाली होता. वैद्य मशीन रूममधून ऐकत नव्हता, तर बारक्याच्या हनुवटीखालून ऐकत होता. आणि बारक्या जे बोलत होता ते कुणी ऐकावं म्हणून बोलत नव्हता. हे सगळं त्याच्या डोक्यात शिरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चाक आणखी थोडं फिरलं, आणि हेडफोनमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "बॅटरी लो."

बाकी सगळं बंद झालं.

"बॅटरी लो," बाईने पुन्हा बजावलं. तिच्या बोलण्याखाली काही होतं का, कुणी काही म्हणालं का, कळायला मार्ग नव्हता. वैद्याचे हात ताठले. आणि त्याच वेळी उजव्या तळव्यात, चाकाच्या लोखंडातून, त्याला ठोके जाणवले. टक टक टक. टक टक टक. दोरावाटे वर येत होते. त्याने दांडा सोडला. ब्रेक धाडकन बसला. धक्का पायांना कळला.

मग हेडफोन उघडला आणि त्यातून बारक्याचा श्वास आला, दमेकऱ्यासारखा. त्यानंतर एक शिवी आली. ती ऐकून वैद्याला इतकं हायसं वाटलं, की तो तिथेच जमिनीवर बसला.

थोड्या वेळाने तो शिडीने खाली आला. बारक्या सातव्या मजल्याच्या उंबऱ्यावर पाय सोडून बसला होता. डाव्या बाहीचं कापड पट्टीत अडकून फाटलं होतं, मनगटावर लांब ओरखडा होता. हात मात्र हलत होता. पाना अजून त्याच्या उजव्या मुठीत होता.

वैद्य शेजारी बसला. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि बारक्याच्या तोंडाकडे बघत विचारलं, "ते ठोके कसले?"

बारक्याने पाना खाली ठेवला. ओठ नीट दिसतील असं तोंड वळवून, एकेक शब्द सुटा करून तो बोलला. असं बोलायची त्याला सवय आहे, हे वैद्याच्या आज लक्षात आलं. "प्रत्येक वेळी मारतो. ‘थांब’ म्हणतो आणि दोर बांधलेल्या पट्टीवर पान्याने ठोकतो. तुझ्या हाताला कळतं. तुला वाटायचं तू ऐकून थांबतोस."

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली की."

दोन वर्षं. म्हणजे हेडफोन यायच्या आधीपासून. वैद्याने ती काळी वाटी हातात फिरवली. ज्या वस्तूच्या जिवावर तो उड्या मारत होता तिने त्याला आजवर एकदाही वाचवलं नव्हतं. वाचवत होता तो हा जाडा माणूस, पान्याने.

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुला सांगितलं असतं तर लाजेने तूच जाऊन स्टुलावर बसला असतास. आणि सुपरवायझरला सांगायला मी काय चहाडखोर आहे?" बारक्या ओरखडा चोळत राहिला. "सोमवारी पास हो म्हणजे झालं. तीन वर्षं काय, अशी जातील."

"तू खाली काहीतरी म्हणत होतास. ऐक रे बाबा म्हणून."

बारक्याचा चेहरा उतरला. त्याने टपावर उभ्या असलेल्या फोनकडे पाहिलं, मग वैद्याच्या मांडीवरच्या हेडफोनकडे, आणि त्याला उलगडलं.

"भीती वाटते तुला?" वैद्याने विचारलं.

"वाटते," बारक्या म्हणाला. "रोज वाटते. टपावर उतरलं की वाटते. घरी बायकोला सांगून ठेवलंय, कधी काही झालं तर वैद्याला बोल लावायचा नाही म्हणून."

वैद्याला रडू आलं, आणि बारक्याने पाहू नये म्हणून तो फोन आणायला टपावर उतरला. उरलेलं काम त्याने बारक्याला करू दिलं नाही. इमारतीच्या मॅनेजरला सांगितलं, लिफ्ट सोमवारपर्यंत बंद. मॅनेजर पुष्कळ बोलला असावा. त्याचे ओठ बराच वेळ हलत होते.

सोमवारी तपासणीच्या छोट्या खोलीत त्याला काचेसमोर बसवलं. भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं होतं. कानांवर दिलेला हेडफोन त्याच्या हेडफोनच्या दसपट चांगला होता, जड होता, आणि त्यात कुठली बाई नव्हती. काचेपलीकडच्या तरुण बाईने कागदावर लिहून दाखवलं, आवाज आला की हात वर करा. वैद्याने मान हलवली. तिचा उजवा खांदा त्याला स्वच्छ दिसत होता. वायरमन खरंच बोलला होता. खांदा हलला, आणि तीन संध्याकाळच्या सरावाने वैद्याचा हात मांडीवरून अर्धा उचललाही गेला.

त्याने तो खाली ठेवला आणि डोळे मिटले.

किती वेळ गेला त्याला कळलं नाही. हात दोनदा वर गेला, तोही जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजांना. बाकी सगळा वेळ हात मांडीवर पडून होता. डोळे उघडले तेव्हा ती बाई त्याच्याकडेच बघत होती. तिने दार उघडलं आणि काहीतरी विचारलं, पुन्हा घेऊ का, असं असावं.

"नको," वैद्य म्हणाला. "आलं तेवढंच आलं."

बाहेर बाकावर बारक्या आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. मनगटाला पट्टी होती. त्याने भुवया उंचावून विचारलं, काय झालं. वैद्याने हाताने जमिनीपासून गुडघ्याएवढी उंची दाखवली. स्टुलाची उंची.

बारक्याच्या चेहऱ्यावर दुःख आलं, पण ते आधी आलं नाही. आधी त्याचे खांदे खाली आले, दोन वर्षं वर धरलेले, आणि तोंडातून एक लांब श्वास सुटला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याने मान फिरवली. पण वैद्याने पाहायचं ते पाहिलं होतं. इतकी वर्षं नाडी बघणाऱ्याला हे मात्र कधी दिसलं नव्हतं.

तो बारक्याच्या शेजारी बसला, आणि बारक्याला आत बोलावणं येईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.